येते हं

एक पाय टप्, दुसरा चट्. टप्-चट्, टप्-चट्. आईच्या डाव्या चपलेचा तळ टाचेपाशी उसवलेला होता. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोचीकाकांनी त्यात दोनदा खिळे ठोकून दिले, तरी पहिला पाऊस झाला की तो पुन्हा तोंड उघडायचा. आणि साताऱ्यातल्या आमच्या त्या उतरत्या गल्लीत, ओल्या फरशीवरून ती चालायला लागली, की उजवा पाय शहाण्या मुलासारखा टप् म्हणायचा आणि डावा त्याच्या मागून, जरा उशिरानं, जरा खट्याळपणे चट् करायचा. साठ वर्षं होऊन गेली. त्या चपला कधीच गेल्या. गल्लीतली फरशी उखडून डांबर आलं, डांबरावर काँक्रीट आलं. पण अजूनही जूनमधल्या एखाद्या सकाळी, पाऊस नुकताच उघडलेला असताना, वळचणीचं पाणी बादलीत दोन लयींत ठिबकतं, एक थेंब पाण्यावर आणि एक बादलीच्या काठावर, तेव्हा माझा हात आपोआप छातीशी जातो आणि तिथं सेफ्टीपिनेनं लावलेला रुमाल चाचपतो.

रुमाल अर्थातच तिथं नसतो.

१९६४ च्या जूनमध्ये मला बालवाडीत घातलं. मी साडेतीन वर्षांची. घरात दोन महिन्यांपूर्वी भाऊ आला होता, आणि माझ्या आठवणीत या दोन गोष्टी कायमच्या एकमेकींना चिकटून बसल्या आहेत: पाळणा घरात आला आणि मी घराबाहेर गेले. बालवाडी म्हणजे देवळाला लागून असलेल्या दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीपुढं जांभळाचं झाड, आणि झाडाच्या वर ढगात अर्धा बुडालेला अजिंक्यतारा. आत ओल्या भिंतींचा, रबरी रेनकोटांचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या गूळ-तूप-पोळीचा वास. मोठ्यांच्या हिशेबानं वेळ सकाळी आठ ते अकरा. माझ्या हिशेबानं, आई उतारावरून खाली गेल्यापासून आई उतार चढून वर येईपर्यंत. या दोहोंच्या मध्ये जे काही होतं त्याला घड्याळ नव्हतं.

रोज सकाळी ती मला ओसरीच्या पायरीवर उभी करी, रुमाल सरळ करी, पदरानं माझं तोंड पुन्हा एकदा पुशी, आणि वाकून कानाशी म्हणे, "येते हं." मग पायरी उतरे. टप्-चट्. मी भोकाड पसरत असे, यात शंका नाही; माझ्याइतकं खणखणीत त्या आळीत कुणी रडलं नसेल, असं माझ्या मावशीचं ठाम मत होतं. पण त्या रडण्यात एक अडचण होती. रडताना ऐकू येत नाही. हुंदका आला की मधला एखादा चट् हरवून जाई. म्हणून मी श्वास रोखून धरी, आवाजाच्या शेपटाला कान लावून. तो उतारावरून खाली खाली जाई, बारीक होत होत पाणपोईच्या वळणाशी पोचे, तिथं शेवटचा एक चट् वाजे, आणि मग नुसत्या पागोळ्या. एवढं ऐकण्यात माझं अर्धं रडं सरलेलं असे. आई गेली हे मला पटलेलं असे. कुठून गेली, कुठवर गेली, ते मी माझ्या कानांनी मोजलेलं असे. आणि अकराच्या सुमाराला तेच उलटं: आधी काहीच नाही, मग कसलीशी चाहूल, मग पाणपोईपासून चढत येणारं टप्-चट्, आणि मी सगळ्यांच्या आधी पिशवी खांद्याला अडकवून उभी.

असं आठ-दहा दिवस चाललं असेल. मग तो कावळा आला.

बाईंना तरी काय दोष द्यावा? पंचवीस-तीस पोरं, एकीनं सूर धरला की बाकीच्या चौघांना तो लागायचा, आणि सूर धरणारी रोज मीच. त्या दिवशी आईनं मला पायरीवर उभी केली, रुमाल सरळ केला, आणि एवढ्यात बाईंनी माझी हनुवटी धरून तोंड जांभळाकडे वळवलं. "तो बघ काऊ! चोचीत काय आहे गं त्याच्या?" मी प्रामाणिक मूल होते, कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. मी नीट पाहिलं. चोचीत पांढरं काहीतरी होतं. खोबऱ्याचा तुकडा, की अंड्याचं टरफल, की कापूस? मला ठरवता येईना. पुन्हा पाहिलं. आणि "कापूस" असं सांगायला वळले, तर बाई होत्या, दार होतं, पायरी होती.

आई नव्हती.

मी रडले नाही. कारण मी टप्-चट् ऐकलं नव्हतं. ज्याअर्थी ते वाजलं नाही, त्याअर्थी आई गेलेली नाही. इथंच आहे कुठंतरी, लपलेली. मी दाराआड पाहिलं. सतरंज्यांच्या गुंडाळीमागे पाहिलं. माठाच्या तिवईखाली वाकून पाहिलं, तिथं एक बेडूक होता. दुसऱ्या खोलीत मोठी मुलं गाणं म्हणत होती, त्यांच्या रांगांमधून हिंडून आले. बाईंच्या टेबलाखाली दोनदा पाहिलं. बाई कुणाला तरी म्हणाल्या ते आठवतं, "बघा, आज कशी शहाणी झाली, रडली नाही." आणि ती सबंध सकाळ मी तशी शहाणी राहून, त्या दोन खोल्यांत आईला शोधत होते.

अकरा वाजता आवाज आला तो बाहेरून. पाणपोईकडून, उतार चढत.

तेव्हा मी रडले. ती उचलून घ्यायला वाकली तर मी तिचा पदरही धरला नाही. माझ्याच रेनकोटाची बटणं मुठीत घट्ट धरून उभी राहिले.

एवढ्याशा गोष्टीचं केवढं, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मलाही ती कित्येक वर्षं एवढीशीच वाटत होती. पण कुणाला गाडीवर पोचवायला गेले की शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत माझा पाय हलत नाही, आणि कुणी हौसेनं "तो बघ कावळा" म्हणालं तर मी आधी दाखवणाऱ्याकडे बघते.

पुढं मी स्वतःच बालवाडीची ताई झाले. सत्तावीस वर्षं. दर जूनमध्ये त्याच पागोळ्या, तेच रेनकोट, आणि फाटकापाशी पायांना मिठी मारून बसलेली नवी नवी पोरं. त्यांच्याकडे बघता बघता मला या रडण्याचं गाव कळलं, ते फार मागं आहे. पाच महिन्यांच्या बाळाला पदराआडून कुऽक करणारी आई दर वेळी नवीनच भेटते. पदर खाली आला की ती आहे, वर गेला की ती नाही, आणि नाही म्हणजे नाहीच, त्यात दुःख करण्यासारखं काही नसतं. आठवा-नववा महिना लागतो आणि केव्हातरी बाळाला उमगतं, की पदराआडही ती असते. आपल्याला दिसत नाही अशा जागी आई असते. केवढा मोठा शोध! आणि त्याच दिवसांत, ती नुसती स्वयंपाकघरात गेली तरी ते रडायला लागतं. घरची माणसं म्हणतात, कालपर्यंत किती शहाणं होतं, कुणाकडेही जायचं, आता काय झालं याला? झालं एवढंच, की ते शहाणं झालं. दीड-दोन वर्षांनंतर ही कळ हळूहळू निवत जाते, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास, जरा कुठं निवते आहे तोवर, आपण त्याच्या छातीवर रुमाल लावतो.

आईशी मी कावळ्याबद्दल कधी बोलले नव्हते. २००९ च्या दिवाळीआधी आम्ही दोघी मागच्या दारी बसून घरातल्या चपला पुसत होतो, आणि ती खाली बघत सहज म्हणाली, "त्या दिवशी मी चपला हातात घेऊन गेले होते."

"कुठल्या दिवशी?"

"कावळ्याच्या."

म्हणजे तिच्याकडेही तो दिवस कावळ्याचाच म्हणून ठेवलेला होता. पंचेचाळीस वर्षं. बाईंनीच तिला सुचवलं होतं, "वहिनी, तुमच्या चपलेनं कळतं हो तिला." तर ती पायरीवर चपला काढून, त्या पदराखाली धरून, चोरासारखी अनवाणी, चिखलाच्या फरशीवरून उतार उतरली होती आणि पाणपोईच्या आडोशाला माझ्या रडण्याची वाट बघत थांबली होती. "रडली असतीस तर मी सुखानं घरी गेले असते गं. तुझा आवाजच येईना. म्हटलं, आठ दिवसांत विसरली वाटतं मला." शेजारच्या काकूंकडे दिलेला धाकटा भुकेनं रडायच्या वेळेपर्यंत ती तिथंच भिजत उभी होती. उताराच्या वरच्या टोकाला मी तिवईखाली वाकून तिला शोधते आहे, खालच्या टोकाला ती माझ्या न रडण्यानं रडते आहे. मी तिला बेडकाचं सांगितलं. बाईंचं टेबल सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाई." आणि बराच वेळ एकच चप्पल पुसत राहिली.

न रडणाऱ्या मुलाला आपण फसतो. आमच्या प्रशिक्षणात जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ सालच्या एका फिल्मबद्दल शिकवलं होतं: दोन वर्षांची लॉरा नावाची मुलगी छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी लंडनच्या एका रुग्णालयात आठ दिवस राहते. त्या काळी तिथं मुलांपाशी आईला राहू देत नसत, भेटायची वेळसुद्धा मोजून दिलेली. परिचारिका म्हणत, पोरं पहिल्यांदा रडतात, मग रुळतात. रॉबर्टसननी कॅमेरा लावून ते रुळणं टिपलं. लॉरा फारशी रडतच नाही. आपलं अस्वल आणि आपलं पांघरूण जवळ धरून ती बसून असते, मधूनच चेहरा वाकडा होतो, मधूनच शांत आवाजात आई कुठं आहे म्हणून विचारते, आणि पुन्हा गप्प. तो गप्पपणा पाहून आधी डॉक्टर मंडळी रागावली, मग हळूहळू विरघळली. १९५९ साली ब्रिटनमधल्या प्लॅट समितीनं शिफारस केली, की आईबापांना मुलांपाशी केव्हाही येऊ द्यावं. आमच्या शिक्षिका हे सांगत होत्या आणि मी वहीत तारीख-वार लिहून घेत होते. दोन ओळी लिहिल्यावर पुढचं दिसेना.

तेव्हापासून माझ्या वर्गात रडणाऱ्यांची मला भीती वाटली नाही. भीती वाटायची ती खिडकीशी पिशवी पोटाशी धरून उभ्या राहणाऱ्यांची. फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली एक चिमुरडी चार दिवस अशी उभी होती, बस म्हटलं की बसायची, खा म्हटलं की खायची, कुणालाही काडीचा त्रास नाही. पाचव्या दिवशी मी तिच्या शेजारी खिडकीशी जाऊन नुसती उभी राहिले, काही न दाखवता, काही न विचारता. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसलं आणि असा काही टाहो फोडला की शेजारच्या वर्गातल्या ताई धावत आल्या. मी त्यांना हातानं खूण केली, जा. होऊ दे.

नियम म्हणावा असा एकच मी केला होता. कुणीही आई, आजी, आजोबा, बाबा, मुलाला न सांगता निघून जायचं नाही. पुष्कळ वाद व्हायचे. "ताई, सांगितलं की रडतो." रडू दे. "ताई, माझी बस चुकते." मग एकदाच सांगा, पण त्याच्या डोळ्यांत बघून सांगा आणि मग थांबू नका, पाचपाचदा फिरून येऊन पापे घेण्यानं त्याची दर वेळी नव्यानं ताटातूट होते. साडेअकराला येते असं सांगू नका, साडेअकरा त्याच्या गावचा नाही. खाऊ होईल, मग गोष्ट होईल, मग आई येईल, असं सांगा, आणि गोष्ट संपायच्या आत या. बहुतेक पोरं फाटकातून आई दिसेनाशी झाल्यावर थोड्याच वेळात मातीत हात घालून बसलेली असत. भिंतीआड उभ्या आईला मी खुणेनं सांगे, जा आता. कठीण तिचंच असे. "रडलास तर आई येणारच नाही" हे वाक्य मात्र मी माझ्या वर्गात कुणाला उच्चारू दिलं नाही. आज्यांनासुद्धा.

एका आईला मी गुरू मानते. मंडईत भाजी विकायची. पहिल्याच दिवशी तिनं नाडीत ओवलेली एक जुनी किल्ली पोराच्या गळ्यात घातली. "ही घरची किल्ली. ही नसली तर मला घरात जाता यायचं नाही. नीट सांभाळ, मी न्यायला येते." पोरगं दिवसभर मुठीत किल्ली धरून बसलं, घरमालकाच्या रुबाबात. महिन्याभरानं मी तिला विचारलं तर पदर तोंडाला लावून हसली. "कुलूप कवाच भंगारात गेलंय, ताई." विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९५३ साली अशाच वस्तूंवर निबंध छापला आहे, मुलं चोखून चोखून कळकट करतात त्या दुपट्याच्या कोपऱ्यांवर, मऊ बाहुल्यांवर, आई जवळ असणं आणि नसणं यांच्या मधल्या पट्टीत त्या वस्तू मुलाला धरून ठेवतात, असं त्याचं म्हणणं. मंडईतल्या त्या बाईकडे तेवढा वेळ नव्हता. तिनं एक किल्ली शोधली.

ताराबाई मोडकांचंही मला याच संदर्भात फार वाटतं. १९४५ मध्ये त्या मुंबईतलं काम मागे ठेवून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि पाड्या-वाड्यांवरची मुलं शाळेत येईनात तेव्हा या दोघींनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी. तीस वर्षांनी सरकारी योजनेत हा शब्द देशभर गेला आणि आता तो आपल्याला इतका सरावाचा झालाय, की त्यातलं अंगण ऐकूच येत नाही. पण कल्पना करा, मूल आपल्याच अंगणात मण्यांची माळ ओवतंय आणि आतून आईचं जातं, आईचं खोकणं, आईनं कुणावर तरी ओरडणं कानावर येतंय. टप्-चट् ऐकू येईल एवढ्याच अंतरावर शाळा. माझ्या लहानपणाला हे कुणी द्यायला हवं होतं.

आणि आपली ही भाषा. निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाळतो. उंबऱ्यावर कुणी चुकून "जाते" म्हणालं तर घरातली म्हातारी माणसं चटकन दुरुस्त करतात. मोठ्यांना त्यातलं अपशकुन टाळणं कळतं. तीन वर्षांच्या माणसाला शब्द जसा आहे तसाच ऐकू येतो. एकानं मला विचारलं होतं, डोळे पुसता पुसता, अगदी तर्कशुद्ध: "आई येते म्हणाली, मग गेली का?" सगळी पुस्तकं गोळा करूनही मला उत्तर सुचेना. मग म्हटलं, "येतेच आहे ती. रस्ता जरा लांबचा आहे. आधी बसस्टँड लागतं, मग तिचं ऑफिस लागतं, मग मंडई लागते, मग आपलं फाटक." तो विचारात पडला. थोड्या वेळानं येऊन म्हणाला, "आता ऑफिस लागलं असेल." मी घड्याळाकडे पाहिलं. लागलं होतं.

आई गेली तेव्हा मी रुग्णालयाच्या आवारात चहा आणायला गेले होते. दहा मिनिटं. तीही चपला हातात घेऊन गेली.

असो.

यंदाच्या जूनपासून पुण्यात मुलीकडे आहे. नातू तीन वर्षांचा, त्याला नर्सरीत घातलंय. त्यांच्याकडे पहिला आठवडा घरच्या एका माणसाला वर्गात बसू देतात, दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात, मग फाटकाशी. चांगली पद्धत आहे, मनापासून आवडली. पोचवायला मी जाते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी जाड रबरी तळाच्या चपला दिल्या आहेत, त्यांचा काडीइतका आवाज होत नाही. म्हणून निघताना मी छत्रीचं टोक फरशीवर आपटत जाते, ठक्, ठक्, वळणापर्यंत, आणि न्यायला जाताना वळणापासून. येणारे-जाणारे बघतात. फाटकाशी सोडायला लागल्यावर पहिले सहा दिवस तो रडला, भरपूर, तोंड आकाशाकडे करून. सातव्या दिवशी त्यानं फाटकाशी माझा हात सोडला, दोन पावलं आत गेला, वळला, आणि गंभीरपणे मला म्हणाला, "येते हं, आजी."

मुलगा आहे, "येतो" म्हणायला हवं. आम्ही कुणी दुरुस्त केलेलं नाही.

साडेअकराला सुटतं. मी अकरापासून तिथं असते.